जिवंत हवालदाराची विधवा

परक्या बाईनं माझा हात आयुष्यात पहिल्यांदा धरला तो सांगलीत, भर अंगणात, सकाळी साडेआठ वाजता, टॉवेलाखाली. आणि तिचा नवरा दीड हातावर बसून एकटक बघत होता. नवरा म्हणजे काही लेचापेचा माणूस नव्हे. पलटणीतून नुकताच पेन्शन घेऊन आलेला हवालदार. मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक चिमणी निवांत बसावी आणि तरी त्या वाकू नयेत.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा, शाळेत नव्यानं लागलेला भूगोलाचा मास्तर. ही बाई माझी घरमालकीण. खोली घेऊन पुरते चार दिवससुद्धा झाले नव्हते. अंगणात उभा राहून दात घासत होतो, तोंडात फेस होता, आणि मागून आवाज आला.

"मास्तर, हिकडं या. हात द्या."

मला वाटलं प्रसाद-बिसाद असेल. हात पुढे केला. तिनं खांद्यावरचा टॉवेल फटकन माझ्या मनगटावर टाकला आणि त्याखाली माझी तीन बोटं अशी आवळली, की शाळेत शिकवायचे सगळे महासागर मला जागच्या जागी दिसले.

"किती?" ती म्हणाली.

"मावशी, सोडा हो, लोक बघतायत!"

"बगू द्या. किती त्ये सांगा, मग सोडते."

"तीन! तीन!"

तिनं हात सोडला आणि नवऱ्याकडे वळली. "बगा. तोंडात फेस आसून मास्तरला कळलं. तुमाला का कळत न्हाई?"

हवालदार ताडकन उभे राहिले. "समजलं!" असे ओरडले की शेजारच्या गल्लीतलं एक पोर रडायला लागलं. मी तोंड धुतलं, खोलीत गेलो, दाराला कडी घातली आणि विचार केला की उद्याच दुसरी खोली बघावी. प्रत्यक्षात त्या घरात मी सहा वर्षं राहिलो. आणि त्या सहा वर्षांत त्या बाईनं मला जितके धक्के दिले तितके एसटीनंसुद्धा दिले नाहीत.

आता हा टॉवेलाचा प्रकार काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही भलतंच काहीतरी धरून बसाल.

सांगलीत हळदीचा मोठा बाजार. शेतकरी हळद घेऊन अडत्याकडे येतो. अडत्या म्हणजे त्याचा माल व्यापाऱ्यांना विकून देणारा. तिथं भाव तोंडानं बोलायचा नाही, ही त्या काळची रीत. अडत्याच्या माणसानं हातावर रुमाल नाहीतर टॉवेल टाकून बसायचं. एकेक व्यापारी यायचा, टॉवेलाखाली त्याची बोटं दाबायचा, आणि जायचा. एक बोट धरलं की अमुक, दोन धरली की तमुक, मूठ धरली की त्याहून जास्त. कोणी किती दिला हे त्या दोघांनाच ठाऊक. सगळ्यांची बोटं लक्षात ठेवायची, चेहऱ्यावर माशीसुद्धा हलू द्यायची नाही, आणि शेवटी ज्याचा भाव जास्त त्याला माल द्यायचा. ज्याची हळद तो शेतकरी बाजूला उभा राहून टॉवेलाकडे बघत राहायचा, बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा उभा राहतो तसा.

हवालदारीणबाईंचा भाऊ त्याच बाजारात एका अडत्याकडे हमाल होता. त्यानं शब्द टाकला, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी बंदूक खाली ठेवलेल्या माणसाला त्या अडत्यानं टॉवेलावर बसवायचं कबूल केलं. हंगाम सुरू व्हायला महिना होता. त्या महिन्यात नवऱ्याला तयार करायचं काम बाईंनी स्वतःच्या अंगावर घेतलं. त्या स्वतः शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. पण भावाकडून एका संध्याकाळी सगळी बोटं शिकून आल्या होत्या.

शिकवायची पद्धत अशी, की घरात बोलणं बंद. "बोलू नका, बोट द्या," हे त्यांचं वाक्य. जेवताना भाकरी किती हव्यात ते टॉवेलाखाली. पाणी किती तांबे आणायचं ते टॉवेलाखाली. भाजीवाली दारात आली की तिचासुद्धा हात टॉवेलाखाली. बिचारी पहिल्या दिवशी पाटी टाकून पळाली, दुसऱ्या दिवशी मेथी महाग करून आली. गावदेवाच्या गुरवानं नारळ किती म्हणून विचारलं, तर ह्यांनी देवासमोर त्याचं बोट धरलं. त्या माणसानं आठ दिवस गल्लीतून जाणं सोडलं. सगळ्यात कहर म्हणजे कराडला लेकीच्या सासरी गेल्या आणि व्याह्यांनी "चहा किती कप?" म्हटल्याबरोबर ह्यांनी पदर पुढे केला. व्याही पाटलांच्या घरातले. ते नंतर वर्षभर सुनेच्या माहेरची माणसं आली की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे.

मी एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, लोक काय म्हणतील?"

"लोकं काय म्हनत्यात त्ये चोवीस वर्सं ऐकलं मास्तर. आता त्येंनी माझं ऐकावं."

ही चोवीस वर्षं त्यांच्या बोलण्यात फार यायची. गाव साताऱ्याकडचं. तिथं घरटी एक जवान, आणि बायका उरलेलं सगळं. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि नवरा पलटणीत गेला. वर्षाला दोन महिने रजा. बोटांवर हिशेब करून त्या सांगायच्या, की चोवीस वर्षांच्या संसारात चार वर्षं तेवढी नवऱ्याची, वीस पोस्टमनची. बाकीच्या वेळात त्यांनी लेक वाढवली, लग्न करून दिलं, सांगलीत भावाच्या आधारानं येऊन ह्या दोन खोल्या बांधल्या. विटा स्वतः वाहिल्या म्हणायच्या, आणि भिंत बघून ते पटायचं, कारण त्या भिंतीला सरळ जायला कुणाची आडकाठी नव्हती, तरी ती जात नव्हती.

हवालदार पेन्शनवर घरी आले त्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे भरलं वांगं केलं. दर रजेला पहिल्या दिवशी वांगं, ही रीतच होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा वांगं केलं. हवालदार ताटाकडे बघत बसले.

"का वो? आवडलं न्हाई?"

हवालदार म्हणाले, "मला वांगं कवाच आवडत नव्हतं."

हे मला सांगताना त्या हसत होत्या, पण हातातली सुपली मध्येच थांबली होती. "चोवीस वांगी खाल्ली वो त्या मानसानं. रजा थोडी, त्यात कशाला बोलायचं म्हनून. माझ्या नवऱ्याला काय आवडतं ह्ये मला म्हाईतच न्हाई मास्तर. शेजारनीच्या नवऱ्याचं म्हाईत हाय, माझ्या न्हाई."

मी भूगोलाचा माणूस. नवराबायकोत एवढं अंतर असू शकतं हे माझ्या नकाशात नव्हतं.

त्यांना भीती होती ती स्टुलाची. त्यांच्या गावचा प्रत्येक हवालदार पेन्शन घेऊन आला, दोन महिने पारावर बसला, मिशीला पीळ दिला, आणि मग पुण्यामुंबईच्या कुठल्यातरी कारखान्याच्या फाटकावर स्टुलावर जाऊन बसला. राहायला बराक, जेवायला खाणावळ, बायको गावाकडे. म्हणजे पुन्हा तेच. "सरकारनं न्हेलं त्ये एक ठीक. आता ह्येंनी कुनाच्या फाटकावर जायचं न्हाई," एवढंच त्यांचं म्हणणं. हळदीचा हंगाम सुरळीत गेला तर नवरा सांगलीत राहील. नाही गेला तर जूनमध्ये ट्रंक पुन्हा बाहेर निघेल. हे हवालदारांनीच जाहीर केलं होतं. आयतं बसून बायकोचं खाणार नाही, हा त्यांचा बाणा. आणि बाणा ते दिवसातून चार वेळा मोठ्यानं जाहीर करायचे.

खरं सांगायचं तर आयतं बसवणं त्यांना शक्यच नव्हतं. पहाटे चारला उठून ते अंगण झाडायचे, मग गल्ली झाडायचे, मग दुसऱ्याची गल्ली. माझ्या खोलीची तपासणी करायचे. एकदा शाळेतून आलो तर माझ्या अकरा पुस्तकांची उंचीप्रमाणे रांग लावलेली, आणि सर्वांत बुटकं पुस्तक चूक केल्यासारखं कोपऱ्यात वेगळं उभं. बाईंच्या सात कोंबड्यांना त्यांनी एका रांगेत चालायला शिकवलं होतं. खोटं वाटेल, पण "थम" म्हटल्यावर सहा थांबायच्या. सातवी गावठी होती.

बाई म्हणायच्या, "ह्या मानसाला हंगामापातुर कामाला न्हाई लावला, तर ह्यो कोंबड्यांना बूट घालंल."

हंगाम आला. पहिल्या दिवशी बाईंनी नवऱ्याला ओवाळलं. लढाईवर जातानासुद्धा ओवाळलं नव्हतं म्हणे, कारण तेव्हा सांगून गेले नव्हते. नवा टॉवेल खांद्यावर टाकला. हवालदार ताड ताड चालत बाजारात गेले. सुट्टी होती म्हणून मीही मागोमाग गेलो.

बाजारात सगळं पिवळं. जमीन पिवळी, पोती पिवळी, माणसांच्या पापण्या पिवळ्या. हवालदार ताठ बसले. टॉवेल टाकला. पहिला व्यापारी आला, पांढरंशुभ्र धोतर, डोळे अर्धे मिटलेले, चेहरा असा की आपण ह्या गावचेच नाही. टॉवेलाखाली बोटं गेली. सगळा बाजार गप्प.

आणि हवालदार छाती काढून गरजले, "तीन आनि मूठ! समजलं साब!"

आता त्यांचा दोष नव्हता. चोवीस वर्षं त्या माणसाला एकच शिकवलं होतं. हुकूम मिळाला की तो मोठ्यानं परत म्हणायचा, म्हणजे वरच्याला कळतं की खालच्याला कळलं. महिनाभर बाईंनी बोटं शिकवली, पण घरातही ते "समजलं!" करून ओरडायचे ते ह्याचसाठी, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या व्यापाऱ्याच्या हातातून टॉवेल सुटला. बाकीचे व्यापारी एकमेकांकडे बघायला लागले. शंभर वर्षांत त्या बाजारात भाव पहिल्यांदा कानांनी ऐकला गेला होता. दुसरा आला, त्याचाही तोच प्रकार. तिसरा आलाच नाही. अडत्यानं कपाळावर हात मारला तो इतक्या जोरात, की पाचही बोटं हळदीत उमटली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी उपाय काढला. नवऱ्याच्या तोंडात पाणी. बाजाराच्या दारात तांब्यातून भली मोठी गुळणी भरायची, गाल फुगवून बसायचं, सौदा संपेपर्यंत गिळायचं नाही, थुंकायचं नाही. अडत्यानं बाईंच्या भावाच्या भिडेखातर अजून एक संधी दिली होती. बाई स्वतः तांब्या घेऊन दारात उभ्या. त्या काळी त्या बाजारात बायका म्हणजे फक्त पोती शिवणाऱ्या नाहीतर हळद निवडणाऱ्या. ही तांब्या घेऊन पहारा देतेय हे बघून लोकांचे सौदे चुकायला लागले.

तुम्हांला सांगतो, नऊ दिवस जमलं. हवालदार गाल फुगवून बसायचे, डोळे वटारलेले, चेहरा लाल. व्यापाऱ्यांना वाटायचं ह्याला भाव कमी वाटतोय. ते आपणहून एक बोट वाढवायचे.

दहाव्या दिवशी आमच्या शाळेनं घात केला. कवायतीच्या पोरांची फेरी गावातून निघाली होती, मीही पोरांबरोबर होतो. ढोल, बिगूल, सगळा सरंजाम. रांग बाजाराच्या फाटकाशी आली आणि आमच्या कवायतीच्या मास्तरांनी बरोबर तिथंच आरोळी ठोकली, "साऽऽवधान!"

हवालदार बसल्या जागेवरून सरळ हवेत गेले. खाली आले ते टाचा जुळवून. तोंडातलं अख्खं पाणी समोरच्या व्यापाऱ्याच्या धोतरावर. आणि तोंड मोकळं झाल्याबरोबर इतके दिवस दाबलेले सगळे हुकूम एकापाठोपाठ एक बाहेर पडले. पहिल्यानं किती दिला, दुसऱ्यानं किती, पिवळ्या पागोट्यानं किती, चष्म्यानं किती, कालचे चार, परवाचे दोन. आठवणीत कुठं चूक नाही. बंदुकीची फैर झडावी तसे भाव झडत होते. शेवटी "समजलं साब!" आणि सॅल्यूट.

अडत्यानं तिथल्या तिथं टॉवेल काढून घेतला. "हवालदार, हात जोडतो. घरी बसा."

आम्ही तिघं परत निघालो. बाई रिकामा तांब्या घेऊन पुढे चालत होत्या. हवालदार एवढंच म्हणाले, "ट्रंकंचं कुलूप कुटं हाय?" मी मान खाली घालून चालत होतो. शाळा माझीच ना.

फाटकापाशी एक म्हातारा शेतकरी आडवा आला. सीमेकडचा, निम्मा मराठी निम्मा कानडी बोलणारा, खांद्यावर घोंगडं. त्यानं हवालदारांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"यप्पा, मघा वरडला तो तूच का?"

"जी."

"तीस वर्सं माल घालतोय हितं. टॉवेलात काय हुतंय आजवर कुनी सांगिटलं न्हाई. तू एकटाच. तुज्या पोटात काय ऱ्हात न्हाई बग." मग तो आत वळून अडत्याच्या नावानं ओरडला, "शेठ! माजा माल ह्येच्या हातनं इकायचा. न्हाईतर गाड्या परत न्हेतो!"

त्याच्यामागून दुसरा ओरडला. मग तिसरा. मी अतिशयोक्ती करतो असं माझी बायको म्हणते, म्हणून जपून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्या अडत्याच्या दारात गाड्यांची जी रांग लागली, तिचं एक टोक बाजारात होतं आणि दुसऱ्या टोकाचे बैल कृष्णेचं पाणी पीत होते. सकाळी सातला अडत्या आमच्या अंगणात हजर. तोंड त्याच्या मालापेक्षा पिवळं.

"हवालदार, चला. ओरडा हवं तेवढं."

व्यापारी चडफडले, पण माल तिथंच होता, त्यामुळे तेही आले. हवालदार टॉवेलावर बसायचे आणि भाव खणखणीत सांगायचे, आणि शेतकरी पोत्यांवर बसून बिड्या ओढत ऐकायचे. घरी आले की नखशिखान्त पिवळे. बाई परातीत उभं करून घासायच्या, तरी रंग जायचा नाही.

आता माझं पाप सांगतो. ते मघापासून मागे ठेवलंय.

बाजारातल्या त्या पहिल्या फजितीनंतरची दुपार. बाई गल्लीच्या तोंडाशी पोस्टमनला गाठून परत आल्या आणि माझ्यासमोर पाकीट ठेवलं. "वाचा. हळू वाचा."

पत्र हवालदारांच्या जुन्या मेजरसाहेबांचं. साहेब पलटणीतून निवृत्त होऊन पुण्याजवळच्या एका कारखान्यात पहाऱ्याचे मुख्य झाले होते. हवालदारांनी बायकोच्या नकळत त्यांना कार्ड टाकलं होतं. साहेबांनी लिहिलं होतं, की फाटकावर जागा आहे, बराकीत खाट मिळेल, कुटुंबाची सोय नाही, पंधरा दिवसांत निघून या.

"कुटुंबाची सोय न्हाई म्हंजी?"

"म्हणजे ते तिथं, तुम्ही इथं."

"आनि रजा?"

"वर्षाला एक महिना."

बाईंनी बोटांवर हिशेब केला. "पलटन तरी दोन द्यायची," त्या म्हणाल्या. मग पाट ओढून बसल्या. "घ्या कागद. लिवा."

"काय लिहू?"

"लिवा, हवालदार वारलं."

माझ्या हातातून टाक पडला. त्याच क्षणी मागच्या अंगणातून हवालदारांचा आवाज आला, "दाहिने मूड!" आणि सात कोंबड्यांचा गलका.

"मावशी! कपाळावर एवढं मोठं कुंकू लावून असं बोलता?"

"कुकू माझं हाय. मी बगून घेते. तुमी अक्षर चांगलं काडा."

"अहो, पेन्शन बंद होईल!"

"पेन्शन सरकार देतंय. ह्यो सायब आता सरकारचा न्हाई, कारखान्याचा हाय. त्येला मेलेलं चालतंय."

मी शेवटचा प्रयत्न केला. "कशानं वारले लिहायचं?" हे विचारलं तिथंच मी बुडालो, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

"ताप लिवा. लढाई लिवू नका, चौकशी व्हती."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. बाईंनी खाली अंगठा उठवला, पत्र स्वतः पेटीत टाकलं, आणि येताना नवऱ्यासाठी भजी घेऊन आल्या.

हंगाम संपत आला होता. एप्रिलअखेरचा रविवार, बाजार बंद. मी अंगणात कपडे वाळत घालत होतो आणि दारात जीप थांबली. पांढरे केस, कडक इस्त्री, हातात काळा चष्मा, आणि काखेत पांढऱ्या फुलांचं हे एवढं चक्र. मला सांगावं लागलं नाही. माझ्या हातातली ओली बनियन माझ्याच पायावर पडली.

"हवालदारांचं घर हेच ना?" मेजरसाहेब हलक्या आवाजात म्हणाले. "कोल्हापूरला निघालो होतो. म्हटलं, भेटून जावं. फार नेक माणूस. कुटुंब आहे का घरात?"

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मलाच ठाऊक नाही.

तेवढ्यात न्हाणीचं दार उघडलं. कमरेला पंचा, डोक्यावरून पाणी निथळतंय, आणि कपाळापासून पायाच्या नखापर्यंत पिवळेजर्द हवालदार बाहेर आले. साहेबांना बघितलं, टाचा जुळवल्या, ओला सॅल्यूट ठोकला.

मेजरसाहेब तीन लढाया बघितलेले. ते दोन पावलं मागे सरले आणि तुळशीला अडले. चक्र हातातून सुटून घरंगळत गेलं. मग त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हवालदार," ते म्हणाले, "तू तर मेलायस."

साहेबाच्या तोंडावर नाही म्हणणं हवालदारांना कधी शिकवलेलंच नव्हतं.

"जी साब!"

मला हसू आलं नाही, हे शपथेवर सांगतो. मी पळायला दार शोधत होतो. पण दारात बाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, हात पिठाचे.

"सायब, बसा. पत्र म्या लिवाय लावलं. मास्तरचा दोस न्हाई, त्येंचं अक्षर चांगलं हाय एवढंच."

साहेबांचा चेहरा तापला. "बाई, जिवंत माणसाला मारलंत तुम्ही? कागदावर? शोभतं का हे?"

बाईंनी हात पदराला पुसले. आवाज जरासुद्धा चढला नाही.

"चोवीस वर्सं ह्ये तुमच्याकडं व्हते सायब. तारवाला गल्लीत शिरला की मी ह्यांना मारत व्हते. त्येची सायकल आमच्या दाराम्होरनं फुडं ग्येली की जित्तं करत व्हते. किती येळा, त्येची गनती न्हाई. तवा कुनी म्हनलं न्हाई शोभतं का म्हनून. म्या एकदा मारलं, तर तुमी फुलं घिऊन आलात."

मेजरसाहेब पायरीवर बसले. काळा चष्मा काढून खिशात घातला. मग म्हणाले, "चहा द्या, वहिनी." चहा घेतला, जेवूनही गेले. जीपमध्ये बसताना हवालदारांच्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत काहीतरी म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, आणि हवालदारांनी ते पहिल्यांदाच मोठ्यानं परत म्हटलं नाही. चक्र शेजारच्या शेळीनं खाल्लं.

जीप गेली. हवालदार अंगणात तसेच उभे. रागावले होते की काय झालं होतं, मला कळेना. मिशी एका बाजूनं खाली आली होती.

"मला इचारलं न्हाईस," ते म्हणाले.

बाई परत पिठात हात घालत होत्या, त्या थांबल्या. "तुमी भरती झालात तवा मला इचारलं व्हतं?"

हवालदारांनी खाली आलेली मिशी वर लावली.

"लग्नाला तीन म्हयनं झालं व्हतं. साताऱ्याला बैलाच्या खुरांना पत्री ठोकून आनतो म्हनून ग्येलात. सांजच्याला गावातल्या मानसानं बैल आनून दारात बांदला, म्हनला, तुझा धनी भरती झाला. बैल पत्री ठोकून त्याच दिवशी परत आला वो. तुमी चोवीस वर्सांनी आलात."

मी हे ऐकायला नको होतं. पण दोरीवर माझे कपडे होते. हवालदारांनी बायकोकडे बघितलं. मग न्हाणीत गेले आणि पुन्हा एकदा आंघोळ केली. त्या घरात दिवसभर कुणी ओरडलं नाही, आणि त्या शांततेनं मला कानठळ्या बसल्या.

सोमवारी सकाळी मी शाळेला निघत होतो. हवालदार कपडे करून, बूट बांधून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे होते. हंगामातले शेवटचे मोठे सौदे त्या दिवशी. बाई भाकरी थापत होत्या. हवालदारांनी घसा साफ केला. मला वाटलं आता नेहमीसारखी आरोळी ठोकून जातील. पण आवाज इतका लहान निघाला, की तो त्यांचाच का म्हणून मी वळून बघितलं.

"बाजारला जाऊ का?"

बाईंनी भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. उलटली. फुगेपर्यंत बघत राहिल्या.

"इचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

हवालदार बाहेर येऊन पायरीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. मी सायकल काढायची विसरून तिथंच उभा. नऊ वाजले. अडत्याचा माणूस धावत आला, "आवं हवालदार, गाड्या खोळंबल्यात!" आणि गेला. आत भाकऱ्या झाल्या, भांडी झाली, बाईंनी कोंबड्यांना दाणे टाकले, नवऱ्याच्या अंगावरून दोनदा गेल्या. साडेनऊला तो माणूस पुन्हा आला, ह्या वेळी घामानं भिजून.

"आवं, शेठ डोकं आपटून घेतोय! यायचं का न्हाई?"

हवालदारांनी त्याला हातानं गप्प केलं आणि आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

"थांब गड्या," ते कुजबुजले. "आत इचार चाललाय."